उंची वाढवलेल्या फोर बाय फोर पिकअपचा क्रॉस वारंवार का जातो? थरथरीचा शोध आणि इलाज

अकरा महिन्यांत माझ्या पिकअपचे मागच्या प्रोपेलर शाफ्टचे तीन क्रॉस गेले. प्रोपेलर शाफ्ट म्हणजे इंजिनाचा जोर एक्सलपर्यंत नेणारा फिरता दांडा, आणि क्रॉस म्हणजे त्याला तिरक्या कोनातही फिरू देणारा, टोकाला बसणारा अधिकच्या (+) आकाराचा जॉइंट. नवा क्रॉस बसवला की पहिले काही दिवस बरं वाटायचं. गिअर टाकताना येणारा 'टण्' आवाज थांबायचा, सीटखालची थरथर निम्म्यावर यायची. पण निम्म्यावरच. पूर्ण ती कधीच गेली नाही, आणि खरं कारण तिथेच होतं. नवा भाग टाकूनही त्रास अर्धा शिल्लक राहतो, तेव्हा गेलेला भाग हा रोग नसतो, रोगाने घेतलेला बळी असतो. हे उमगायला मला तीन क्रॉस घालवावे लागले आणि एका रात्री रस्त्याकडेला अडकावं लागलं. पाट्याची (लीफ स्प्रिंगची) उंची वाढवलेली फोर बाय फोर तुमच्याकडे असेल आणि क्रॉस टिकत नसेल, तर तुमचा तेवढा खर्च वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडीचं नाव मुद्दाम घेत नाही. दोष गाडीचा नव्हता, मी तिच्यात केलेल्या बदलाचा होता. डिझेल इंजिन, मागे पाट्यांवर बसलेला अखंड एक्सल, गरज लागेल तेव्हा लिव्हरने लावायची फोर व्हील, पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे हब लॉक, म्हणजे चाकं एक्सलला जोडणारे खटके. अशा रचनेच्या सगळ्याच गाड्यांना खालचं सगळं लागू पडतं.

बदल का आणि काय केला

आमचं रान मंगळवेढ्याकडे, खोल काळ्या मातीचं. मालदांडी ज्वारीला ती माती सोनं आहे, चाकाला मात्र काळ. परतीचा पाऊस लागला की डांबरी सोडून वस्तीपर्यंतचे अडीच किलोमीटर म्हणजे नुसता राडा. ट्रॅक्टर जातो, पण मध्यरात्री घरातल्या कुणाला सोलापूरला दवाखान्यात न्यायचं तर ट्रॅक्टर कामाचा नाही. म्हणून फोर बाय फोर घेतली, चिखलाचे २३५/७५ आर १५ टायर घातले, पुढे-मागे ओढायचे हुक चासीला बोल्टने पक्के केले, आणि उंची वाढवायला मागच्या पाट्यांना लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं मागचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या, लावले. कंपनीच्या शॅकलपेक्षा ९० मिलिमीटर लांब. दुपारभराचं काम, खर्च कमी, आणि गाडी मागून लगेच उठलेली दिसते. त्यामुळे हा बदल सगळ्यात लोकप्रिय आहे. माझा सगळा त्रासही त्या शॅकलपासूनच सुरू झाला.

लक्षणं अशी होती: चाळीसपर्यंत काही नाही. पंचावन्न ते पासष्टच्या दरम्यान फरशीतून बारीक, भुंग्यासारखी थरथर, आतला आरसा धूसर. ॲक्सिलेटर दाबला की वाढायची, सोडला की सूर बदलायचा. रिकाम्या गाडीत जास्त, दहा पोती टाकली की कमी. हे शेवटचं लक्षण मी किती तरी दिवस लक्षातच घेतलं नाही. भार टाकल्यावर मागचा भाग खाली बसतो, म्हणजे उंचीचा बदल तेवढ्यापुरता पुसला जातो. गाडी मला उत्तर सांगत होती.

आधी बिनखर्चाची तपासणी

आपल्या भागात थरथर आली की पहिल्यांदा गाडीखाली वाका आणि माती बघा. काळी माती ओली असताना रिमच्या आतल्या बाजूला थापली जाते आणि वाळली की दगड होते. एका बाजूला अर्धा-पाऊण किलोचा पोपडा राहिला तर चाक बॅलन्स राहणार कसं? शाफ्टवरही असाच गोळा चिकटतो. बाहेरून धुतलेली गाडी स्वच्छ दिसते, आतली माती तशीच असते. लाकडी चिपट्याने खरवडून काढा. स्क्रूड्रायव्हर नको, बॅलन्सची वजनं उडतात. एखाद्या शाफ्टवर वेल्डिंग केलेली छोटी पट्टी दिसली तर ती कचरा समजून ठोकू नका, तेही बॅलन्सचं वजनच असतं.

मग थरथरीची जात ओळखा. माझ्या टायरचा व्यास साधारण ७३ सेंटिमीटर आणि मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ४.३ आहे, म्हणजे शाफ्टच्या ४.३ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला सातेक फेरे मारतं, शाफ्ट मारतो एकतीसेक. चाक बॅलन्सबाहेर असेल तर सेकंदाला सात धक्के, म्हणजे जवळजवळ मोजता येईल अशी थडथड. पुढचं चाक असेल तर ती स्टिअरिंगमध्ये येते. शाफ्ट वाकडा किंवा बॅलन्सबाहेर असेल तर सेकंदाला एकतीस. आणि क्रॉसच्या कोनांचा दोष असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के, म्हणजे बासष्ट. तो धक्का म्हणून जाणवतच नाही, गुणगुण म्हणून जाणवतो. भुंग्यासारखी थरथर म्हणजे कोन, हे तेव्हा माहीत असतं तर मी टायरवाल्याकडे दोनदा गेलोच नसतो.

रिकाम्या सरळ रस्त्यावर थरथरीच्या वेगाला गाडी आणून क्लच दाबा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. थरथर तशीच राहिली तर इंजिन, त्याची माउंटिंग आणि क्लच यातून सुटले. दोष गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना जोर वाटून देणारी पेटी) इथपासून चाकापर्यंत कुठेतरी आहे. हब लॉक उघडे असताना आणि लावलेले असताना असं दोन्ही प्रकारे टू व्हीलमध्येच चालवून बघा. लावल्यावर त्रास वाढला तर पुढचा शाफ्ट बघायचा.

माचणूरची रात्र

हे सगळं मी नीट क्रमाने केलं नव्हतं. पहिला क्रॉस गेला तेव्हा 'जुना झाला असेल' म्हणून बदलला. मग अलाइनमेंट, मग चाकं बॅलन्स. दुसरा गेला तेव्हा एका गॅरेजमध्ये शाफ्ट पूर्ण सोडवून, धुऊन, बॅलन्स करून बसवला. तरी तिसरा गेला. मंगळवेढ्याहून सोलापूरला येताना माचणूरच्या अलीकडे, रात्री साडेनऊला. पिनियनकडचा (मागच्या एक्सलमध्ये शाफ्टचा जोर घेणाऱ्या गिअरकडचा), म्हणजे मागच्या टोकाचा क्रॉस तुटला आणि शाफ्ट मागून खाली पडून डांबरावर घासत ठिणग्या उडवू लागला.

मागचं टोक सुटलं म्हणून मी वाचलो. पुढचं टोक सुटलं असतं तर शाफ्ट भाल्यासारखा रस्त्यात रुतला असता आणि चालती गाडी मागून उचलली गेली असती. त्या रात्रीनंतर पहिली गोष्ट केली ती ही: शाफ्टच्या पुढच्या टोकाखाली चासीला जाड पट्टीचं कडं बसवलं. तुटला तरी शाफ्ट त्यात अडकून राहील, जमिनीला टेकणार नाही. क्रॉसचा त्रास असलेल्या प्रत्येकाने निदान हे आजच करावं.

मागच्या चाकांना दगड लावले, दोन्ही टोकांचे फ्लँजचे, म्हणजे जोडचकत्यांचे, बोल्ट काढून शाफ्ट मोकळा केला आणि मागे हौद्यात टाकला. हब लॉक लावले, लिव्हर फोर व्हील हायला टाकली आणि फक्त पुढच्या चाकांच्या जोरावर गाडी सोलापूरकडे काढली. डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावू नये हे खरं. पुढचे-मागचे एक्सल एकमेकांना बांधले जातात आणि वळणावर ताण साचतो. पण मागचा शाफ्टच नाही म्हटल्यावर ताण साचायला जागा नाही. दोन सूचना मात्र लक्षात ठेवा. शाफ्टचं सरकतं टोक थेट ट्रान्स्फर केसमध्ये घुसत असेल तर तो काढल्यावर तिथून तेल बाहेर येईल, ते तोंड बंद करावं लागतं. आणि जुन्या जीपच्या पद्धतीने हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागे असेल तर शाफ्ट काढल्यावर हँडब्रेक चाकांना धरतच नाही. गाडी उतारावर असेल तर हे जीवावर बेतू शकतं.

बेगमपूरचा पूल ओलांडला, कामतीकडे रस्ता सरळ झाला, वेग हळूहळू साठवर गेला. आणि गाडी शांत. अकरा महिन्यांत पहिल्यांदा आरशात मागच्या ट्रकचे दिवे स्पष्ट दिसले. चाकं तीच, टायर तेच, इंजिन तेच. कमी होता तो फक्त मागचा शाफ्ट. तिऱ्हे येईपर्यंत माझी खात्री झाली होती. ही चाचणी तुम्हाला क्रॉस तुटायची वाट न बघता घरीसुद्धा करता येते, आणि यापेक्षा स्वच्छ चाचणी दुसरी नाही.

दोन क्रॉस काय सांगत होते

दुसऱ्या दिवशी शाफ्ट घेऊन अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्या अण्णांकडे गेलो. हयात यंत्रमागाचे शाफ्ट आणि बुशी करण्यात गेलेली. त्यांनी शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस काढून वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले आणि रॉकेलने पुसले.

"ह्यो फुडचा बघा. घासलाय, पन सगळीकडनं सारका. ह्यानं काम केलंय. आन् ह्यो मागचा. ह्यो घासल्याला न्हाई, ह्येच्यावर खुना उठल्यात."

मागच्या क्रॉसच्या खुंटांवर सुईबेअरिंगच्या सुयांचे ठसे होते, उभ्या बारीक रेघा, नखाला लागतील अशा. त्या का उठतात? क्रॉसच्या टोपीतल्या सुया गोल गोल फिरत नाहीत, कोनाच्या मापाने मागेपुढे डोलतात. कोन एखादा अंश तरी असेल तर सुया जागा बदलतात, ग्रीस पसरतं. कोन जवळजवळ शून्य असेल तर प्रत्येक सुई एकाच जागी उभी राहून तोच मार खाते, तिथलं ग्रीस निघून जातं आणि लोखंडात खळगा पडतो. म्हणजे मागच्या जॉइंटला कोनच उरला नव्हता. 'शाफ्ट सरळ तितका चांगला' असं वाटतं, पण क्रॉसला अगदी सरळ रेषाही सोसत नाही.

आता पुढच्या टोकाचं. एक क्रॉस कोनात फिरतो तेव्हा अलीकडचं टोक एकसारखं फिरलं तरी पलीकडचं एकसारखं फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा किंचित पुढे पळतं, दोनदा मागे रेंगाळतं. शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात ते यासाठीच. दोन्ही कोन सारखे असले आणि दोन्ही काटे, म्हणजे क्रॉसला धरणारी शाफ्टची दुबेळकी टोकं, एका रेषेत असले तर पुढच्याने केलेला हेलकावा मागचा पुसून टाकतो आणि पिनियन एकसारखं फिरतं. कोन वेगळे झाले की पुसलं जात नाही. उरलेला हेलकावा म्हणजेच ती बासष्टची गुणगुण.

कोन मोजणे

याला काही मोठं यंत्र लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानात चुंबकाचा डिजिटल कोनमापक मिळतो. नसेल तर फोनमधल्या लेव्हलनेही काम भागतं, फक्त कव्हर काढा. तीन आकडे घ्यायचे: ट्रान्स्फर केसमधून निघणाऱ्या फ्लँजचा, शाफ्टच्या नळीचा, आणि पिनियनच्या फ्लँजचा. फ्लँजचा चेहरा उभा असतो, त्यावर लावलेला आकडा ९० अंशांतून वजा करा. गाडी चारही टायरांवर उभी असली पाहिजे, जॅकवर अजिबात नाही, आणि रोज जेवढा भार असतो तेवढाच हवा. जमीन थोडी उतरती असली तरी चिंता नको, तिन्ही आकड्यांत तेवढाच फरक पडतो आणि आपल्याला हवेत ते त्यांच्यातले फरक. कोन कुठल्या दिशेला, खाली की वर, हे मात्र प्रत्येक आकड्याशेजारी लिहून ठेवा. घोळ तिथेच होतो.

आधी गावातल्या एका मित्राची याच मॉडेलची, काहीही न बदललेली गाडी मोजली. ट्रान्स्फर केस मागे ४ अंश खाली, शाफ्ट ७ अंश खाली, पिनियनची रेषाही ४ अंश. म्हणजे ट्रान्स्फर केस आणि पिनियन एकमेकांना समांतर, आणि दोन्ही जॉइंटना ३ अंश. कारखान्याने ठेवलेलं चोख गणित.

माझी गाडी: ट्रान्स्फर केस ४, शाफ्ट साडेआठ, पिनियन ८. पुढच्या जॉइंटला साडेचार अंश, मागच्याला फक्त अर्धा. न पुसलेला हेलकावा किती ते काढायची रीत सोपी आहे. मोठ्या कोनाच्या वर्गातून छोट्याचा वर्ग वजा करायचा आणि वर्गमूळ घ्यायचं. २०.२५ वजा ०.२५ म्हणजे २०, त्याचं मूळ जवळपास साडेचार. हा आकडा तीनच्या आत असावा असा साधारण नियम आहे. मित्राच्या गाडीत तो शून्य येतो.

पिनियन ४ चं ८ झालं कसं? लांब शॅकलमुळे. मागच्या पाट्याचं पुढचं टोक चासीला पिनने बांधलेलं असतं, मागचं टोक शॅकलवर लोंबतं. शॅकल ९० मिलिमीटरने लांब केला की पाट्याचं फक्त मागचं टोक ९० ने खाली जातं. मधोमध बसलेल्या एक्सलपाशी उंची मिळते निम्मी, पंचेचाळीस. आणि पाटा तिरका होतो. माझ्या पाट्याची लांबी बाराशे मिलिमीटर. ९० भागिले १२०० म्हणजे चार अंशांच्या थोडं वर. पाटा तिरका झाला की त्याला यू बोल्टने आवळलेला एक्सल तेवढाच फिरतो आणि पिनियनचं नाक वर बघू लागतं, थेट शाफ्टच्या रेषेत. कागदावर गणित मांडलं आणि मोजमापाशी जुळलं, त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला. वर्षभर नशिबाला बोल लावत होतो, आणि कारण एका भागाकारात होतं.

इलाज

लांब शॅकल काढले आणि कंपनीचे परत बसवले. उंची थोडी हवीच होती, म्हणून पाटेवाल्याकडून प्रत्येक बाजूला एक जादा पाटा चढवून घेतला. पाट्याच्या कमानीने वाढवलेली उंची एक्सलला फिरवत नाही, सरळ वर-खाली नेते. पिनियन ४ वरच राहतं. २५ मिलिमीटर उंची मिळाली, शाफ्ट ८ वर आला, दोन्ही जॉइंटना चार-चार अंश. तीनपेक्षा जास्त आहेत, पण सारखे आहेत, आणि ताशी ८० ला माझा शाफ्ट मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतो. तेवढ्याला चार अंश क्रॉस सहज पेलतो.

पाट्याला गॅसने तापवून कमान वाढवून देतो म्हणणारे भेटतील. नको म्हणा. तापवलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा काही महिन्यांत बसतो किंवा तडकतो. यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवे घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात. पाचेकशे किलोमीटरनंतर गाडी जमिनीवर असताना परत आवळा.

उंची जास्तच ठेवायची असेल तर एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये पाचर टाकून पिनियनचं नाक खाली आणता येतं. पाटा एक्सलच्या वर असेल तर पाचरीची जाड बाजू पुढे. पाटा एक्सलच्या खालून जात असेल तर उलट. पाचर पोलादाचीच घ्या. ॲल्युमिनियमची दाबाखाली चिरडते आणि एक्सल सैल पडतो. पिनियन ट्रान्स्फर केसच्या समांतर रेषेपेक्षा एखादा अंश खाली ठेवला तर चांगलं, कारण जोर लावताना पाटे पिळवटून नाक आपोआप वर येतं. मी पाचर टाकली नाही, जादा पाट्याने पिळवटणं तसंच कमी झालं. वरच्या, म्हणजे ट्रान्स्फर केसकडच्या, टोकाला दुहेरी क्रॉसचा शाफ्ट बसवणं हाही मार्ग आहे, आणि तेव्हाच पिनियन शाफ्टकडे रोखलेलं चालतं. एकेरी क्रॉसच्या शाफ्टवर तसं केलं की माझ्यासारखं होतं.

हे सगळं करून गाडी चालवली आणि थरथर गेली. जवळपास. साठच्या आसपास एक पुसटशी गुणगुण अजून होती, आणि मी पुरता हताश झालो. परत अण्णांकडे. त्यांनी शाफ्ट सरळ धरला आणि एका डोळ्याने दोन्ही टोकांचे काटे बघितले. "एक दात सरकलाय." दुसऱ्या क्रॉसच्या वेळी शाफ्ट धुवायला सरकता जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी भाग) बाहेर ओढला होता, आणि परत घालताना एक दात चुकून बसला होता. दोन्ही टोकांचे काटे एका प्रतलात नव्हते. कोन कितीही सारखे करा, काटे रेषेत नसतील तर पुसणं पूर्ण होत नाही. शाफ्टवर बहुतेक वेळा बाणाच्या खुणा असतात. माझ्या मातीने भरल्या होत्या. शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही भागांवर पंचने एक-एक टिंब मारा. आणि फ्लँजवरही, म्हणजे तो होता तसाच परत बसेल.

क्रॉस टिकावा म्हणून

क्रॉस ठोकून बसवताना एखादी सुई आडवी पडली तर टोपी पूर्ण आत जात नाही आणि लॉक खाचेत बसत नाही. तो कसाबसा दाबून बसवू नका, टोपी परत काढा. बसवल्यावर चारही दिशांना हाताने फिरवून बघा, कुठेही अडता कामा नये. ग्रीस निप्पल असलेलाच क्रॉस घ्या. ग्रीस गन मारताना चारही टोप्यांच्या सीलमधून ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. एकीकडूनच येत असेल तर बाकीच्या तीन कोरड्या आहेत. शाफ्ट थोडा हलवून, दुसऱ्या बाजूला वळवून परत मारा.

सीना-भीमेच्या पाण्यातून किंवा चिखलातून गाडी गेली असेल तर त्याच आठवड्यात ग्रीस. पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने गाडी धुतली तरी तेच, कारण फवारा सील उचलून पाणी आत घालतो. सरकत्या जॉइंटला विसरू नका. तो कोरडा पडला की अडकतो आणि पाटे वर-खाली होताना सगळा धक्का क्रॉसवर येतो.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे उंची वाढवणारे कुणीच बघत नाहीत. बऱ्याच पिकअपच्या मागच्या एक्सलपासून चासीवरच्या ब्रेक व्हॉल्व्हला एक बारीक दांडा जोडलेला असतो. एक्सल आणि चासी यांच्यातल्या अंतरावरून तो व्हॉल्व्ह भार ओळखतो आणि मागच्या चाकांना किती ब्रेक द्यायचा ते ठरवतो. गाडी उंच केली की त्याला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरल्या गाडीतही तो मागचे ब्रेक कमी देतो. दांडा नव्या उंचीला जुळवून घ्या. ब्रेकचा रबरी पाइप एक्सल पूर्ण लोंबकळल्यावर ताणला जातोय का तेही बघा. हे क्रॉसपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे.

इतकी उंची लागते का?

मला आता वाटतं, आपल्याकडे नाही. शॅकलने चासी उचलली जाते, डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तिथेच राहतो. काळ्या मातीच्या चाकोरीत गाडी अडते ती त्या गोळ्यावरच. तो फक्त मोठ्या टायरने उठतो, आणि तोही वाढलेल्या व्यासाच्या निम्म्यानेच. पावसात माझी गाडी वस्तीला पोचते ती चिखलाच्या टायरमुळे, हवा थोडी कमी केल्यामुळे, हौद्यातल्या फावड्यामुळे आणि चाकाखाली टाकायच्या दोन फळ्यांमुळे. हवा कमी केली तर डांबरीला लागायच्या आधी भरायची, म्हणून छोटा कंप्रेसर सोबत असतो. मोठे बदल करणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ ही लक्षात ठेवावं. कंपनीने ठरवलेल्या मापांपासून गाडी बदलायला ते मोकळीक देत नाही.

नान्नजकडच्या माळावर गाडी घालण्याचा मोह होणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. तो माळढोकाचा अधिवास आहे, त्या गवतात जमिनीवर अंडी घालणारे पक्षी असतात. चाकं फिरवायला आपल्याकडे मुरमाचे आणि पाणंदीचे रस्ते भरपूर आहेत.

सध्या गाडीत एक जादा क्रॉस, दोन लॉकचे जोड, ग्रीस गन, फ्लँजच्या मापाचे दोन पाने आणि कोनमापक कायम असतो. चौथा क्रॉस बसवून चौदा महिने झाले. दिवाळीआधी काढून बघितला, खुंट गुळगुळीत आहेत, एकही रेघ नाही. पुढच्या शाफ्टचे कोन अजून मोजायचे आहेत. पुढच्या पाट्यांचं शॅकल कुठल्या टोकाला आहे त्यावर तिथलं गणित उलटसुलट होतं आणि त्यात स्टिअरिंगचा कॅस्टरही (पुढच्या चाकाच्या वळायच्या अक्षाचा तिरकेपणा) गुंतलेला असतो. ते मोजून झालं की इथेच खाली जोडेन. तुमच्या गाडीचे तीन आकडे आणि शॅकलची लांबी लिहा, सोबत रिकामी की भरलेली तेही. मिळून गणित मांडू.